उसातली हाक

११ सप्टेंबर १९७३, सांगली
आज मानसशास्त्राच्या गोडबोले बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं. म्हणाल्या, पी.डी.चं, म्हणजे पदवीआधीचं, हे वर्ष पाया. पदवीचं पुढं बघू, आधी कान तयार करा. जोड्या लावल्या. एकीनं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, समजूत तर मुळीच काढायची नाही. "बरं, मग?" एवढंच.
मला जमतं म्हणाल्या. सगळ्यांसमोर. इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसणारी मी, आज खोलीवर येईपर्यंत नुसती तरंगत होते.
मेसची आमटी परत पाणी.

२५ ऑक्टोबर, घरी
दिवाळीची सुट्टी. इस्लामपूरच्या स्टँडवर आबा गाडी जुंपून आलेले. वाटेत बैलांकडं बघत, "तुजी वैनी जरा येगळी वागती. तू शिकतीयास न्हवं त्यातलं? बघ."
ऊस मागच्या दाराला येऊन टेकलाय. डोक्याच्या कितीतरी वर. वारा नसला तरी पानं कुसकुसतात.
वहिनी वाळलीय. दादा पलटणीत, वर्षाकाठी एकदा येणार. ती आटपाडीकडची, मेंढरांच्या घरातली. लग्न होऊन इथं येईपर्यंत उभा ऊस बघितला नव्हता म्हणते. "आमच्याकडं नदर जाईल तिथवर माळ. कोण येतंय ते लांबनं दिसतं. हितं कायबी दिसत न्हाई, वन्सं. नुसतं ऐकू येतं."

२७ ऑक्टोबर
दुपारी दोघी मागच्या दारात भांडी घासत होतो. तिचा हात थांबला. मान उसाकडं. मी विचारलं, काय झालं.
"काय न्हाई."
राखेनं परत तांब्या घासायला लागली. जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "तुमी न्हाई आयकलं?"
मला बाई आठवल्या. म्हटलं, "बरं, मग?"
मग सगळं आलं. श्रावणापासनं चाललंय. दुपारी सगळे आडवे झाले, गाव गप्प झालं की उसातनं दादाचा आवाज येतो. तिला हाक मारतो. मालन म्हणून नाही. मालन हे इथं लग्नात ठेवलेलं नाव. तो माहेरच्या नावानं हाक मारतो, हिरा म्हणून.
"ह्ये मला नावानं हाक मारतच न्हाईत. कुणाचा नवरा मारतोय? पर आवाज त्यांचाच."
दादा धडधाकट आहे. हिमालयाकडं कुठंतरी चौकीवर. आठवड्यापूर्वीच खुशालीचं कार्ड आलंय.
मी विचारलं, दिसतो का? अंगात काय असतं? ती गोंधळली. "ते न्हाई बघितलं."
चांगलं जमलं असं वाटलं मला. बाईंना सांगायचं.

२८ ऑक्टोबर
आज वहिनी आपणहून आली. डोळे चकाकत होते.
"तुमी काल इचारलंसा न्हवं, अंगात काय असतंय? आज मी त्यास्नीच इचारलं."
"कुणाला?"
"त्यास्नी. म्हणालं, कायबी न्हाई. लय थंडी वाजतीया."
मी नकळत उन्हात सरकले. आजवर तो नुसती हाक मारायचा. आज पहिल्यांदा उत्तर दिलं. मी विचारलं म्हणून.

९ नोव्हेंबर, सांगली
बाईंना सांगितलं. शाबासकी मिळेल असं कुठंतरी वाटत होतं. बाईंचा चेहराच उतरला.
"तुला ऐकायला शिकवलं होतं, उकरायला नाही."
मग शांत झाल्या. म्हणाल्या, नवीन घर, नवरा लांब, एकटी मुलगी. मनाला जे हवं तेच कानाला ऐकू येतं. त्याला भ्रम म्हणतात. शरमेची गोष्ट नाही, पण खेळण्याचीही नाही. साताऱ्याला त्यांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, मनाचे आजार बघणारे. तिथं ने.
कुणाला सांगू? आबा म्हणतील, येडी ठरवायची का घरच्या सुनंला.
भ्रम. हा शब्द वहीत दोनदा लिहिला. लिहून बरं वाटतं.

१६ डिसेंबर
आबा होस्टेलवर. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. फाटकाबाहेर झाडाखाली बसून सांगितलं.
ऊस तोडायला टोळी आली. निम्मं रान झालं. मग वहिनी डोईवरचा पदर पडलेला, पळत जाऊन कोयत्यांपुढं उभी. "हिकडं नगा तोडू, माणूस हाय आत."
टोळीतली माणसं घाबरली. उसात खरंच कुणी असलं तर? सगळे आत शिरले, सरी न् सरी बघितली. कुणी नाही. पण मधोमध एका जागी ऊस आडवा पडलेला, माणूस कुशीवर निजावा एवढा. डुक्कर लोळलं असंल, असं आबा म्हणाले. मुकादम म्हणाला, आज ऱ्हाऊ द्या. त्या दिवशी कुणीच कोयता उचलला नाही.
"उद्या देवऋषी आणतो," आबा म्हणाले. मी डॉक्टरांचं काढलं. आबा उठून चालायला लागले.

१५ जानेवारी १९७४, घरी
संक्रांतीला आले. रान मोकळं. पाचट पेटवलंय, काळी राख. मागच्या दारातनं थेट नदीकाठची झाडं दिसतात. एवढं उजेडाचं घर कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं.
वहिनी छान आहे! जेवते. आईबरोबर हसते. देवऋष्यानं लिंबू उतरवलं त्याचा गुण, असं आई म्हणते. मी मनात म्हटलं, ऊस गेला, नजर मोकळी झाली, भ्रम गेला. बाईंना सांगण्यासारखं.
संध्याकाळी तिच्या केसांची वेणी घालताना विचारलं, आता हाक येत नाही ना?
"आता कशाला हाक मारत्याल?" ती म्हणाली. "बाहीर ऱ्हायाला जागा कुठाय? घरात आल्याती न्हवं."
वेणी तशीच अर्धी सोडली मी.

१६ जानेवारी
सांगलीला परत. एस.टी.त खिडकीकडं बसले नाही. दोन्ही बाजूंना उभा ऊस.

२० फेब्रुवारी, घरी
दादा रजेवर आला. दोन दिवस बुडवून आले. बाईंना खरं कारण सांगितलं.
दादा काळवंडलाय, ओठ फुटलेत. ट्रंक खाली ठेवली. वहिनीनं पदर घेऊन पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, सगळं रीतीनं. मग चुलीपाशी येऊन आईला हळूच, "आत्या, पावणं कोण म्हणायचं?"
आईला थट्टा वाटली. दादाला पण. हसत आत आला, "मला वळकत न्हाईस व्हय गं?"
तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. नाक, कपाळ, हात. "दिसायला तसंच हायसा," म्हणाली. "पर तुमी त्ये न्हवं."
आणि घाबरून माजघराकडं बघितलं. आत बसलेल्या कुणाला तरी ऐकू गेलं असेल, तशी.
दादा बाहेर सोप्यात झोपला.

२१ फेब्रुवारी
हे आजच लिहायचं. उद्या मलाच खोटं वाटेल.
दुपार. दादा अंगणात आरसा टेकवून दाढी करत होता. मी त्याच्यासमोर, डाळ निवडत. वहिनी उंबऱ्यात. आई-आबा रानात. घरात दुसरं कुणी नाही.
माजघरातनं हाक आली. "हिरा."
दादाचा आवाज. जरा थकलेला, लांबनं चालत आल्यासारखा.
दादा माझ्यासमोर. गालफडाला साबण, ओठ मिटलेले, वस्तरा गालावर. तो हललाही नाही.
मी मान वळवली. वहिनीनंही वळवली. एकाच वेळी. मग आम्ही एकमेकींकडं बघितलं.
दादा म्हणाला, "काय गं, काय झालं?"
बाई म्हणतील सूचन. एवढे दिवस ऐकत आले, म्हणून ऐकू आलं. परीक्षेत मी हेच लिहीन. पण डाळ सगळी अंगणात सांडली होती आणि ती वेचताना मी माजघराकडं पाठ केली नाही.

२२ फेब्रुवारी
घरात बैठक. आईचं म्हणणं, आटपाडीला पोचती करा. तिथंच बरी होईल. नाही झाली तर दादाचं दुसरं बघू, त्याचं वय आहे. वहिनी आत भाकऱ्या थापत होती, थापटण्याचा आवाज थांबला नाही. ऐकत होती सगळं.
मी म्हटलं, साताऱ्याला नेऊ.
दादा भडकला. "पी.डी.ला गेलीस म्हंजे डॉक्टर झालीस व्हय? माज्या घरात मी पावणा झालोय, सुमे!"
मग मी त्याला गोठ्याकडं नेलं आणि सांगितलं ती हाक कुठल्या नावानं येते ते. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.
"चौकीवर एकटा असलो की मी तिला हाक मारतो," म्हणाला. "मनात. हिरा म्हणून. लग्नात तिच्या बहिणी म्हणत हुत्या, मला लय आवडलं हुतं त्ये नाव. तोंडावर कवा धाडस न्हाई झालं. कुणाला सांगितलं न्हाई मी ह्ये."
मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून, "सकाळची गाडी किती वाजता हाय साताऱ्याला?"

२३ फेब्रुवारी, सातारा
कऱ्हाडात गाडी बदलून दुपारपर्यंत पोचलो. वहिनी माझ्याजवळ बसली, दादा मागच्या बाकावर.
डॉक्टर म्हातारे, हळू बोलणारे. तिला घाई केली नाही. तिनं सगळं सांगितलं, आडवा पडलेला ऊससुद्धा. ते लिहून घेत होते. मधेच मला म्हणाले, "तुम्ही शिकताय म्हणे मानसशास्त्र. तुम्ही होता घरात. तुम्ही काही ऐकलंत?"
नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर ती एकटी येडी ठरली असती. हो म्हटलं तर मी.
"हो," म्हटलं. "एकदा."
त्यांचं पेन थांबलं. दादा उठून उभा राहिला. वहिनीनं माझा हात धरला आणि रडायला लागली. एवढ्या महिन्यांत तिला रडताना बघितलं नव्हतं. "बघा, मी खोटं बोलत न्हवते," एवढंच परत परत.
डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या. मग दुसरा कोरा कागद पुढं ओढला आणि मला माझं पूर्ण नाव विचारलं.

१७ मार्च, सांगली
घरून आबा येऊन सांगून गेले, वहिनी झोपते नीट. दादाला निरोप द्यायला स्टँडवर स्वतः आली. गाडी हलताना त्यानं खिडकीतनं हाक मारली म्हणे, सगळ्यांदेखत, हिरा म्हणून. लोक हसले. ती लाजली.
बाईंना सगळं सांगितलं, साताऱ्याचंही. त्यांनी विचारलं, पुढं हाच विषय घेणार का? मला लगेच बोलता आलं नाही. त्या थांबल्या. चांगल्या थांबतात.

२८ एप्रिल, घरी
परीक्षा झाली. भ्रमावर प्रश्न आला होता, बरा लिहिला.
मागच्या रानात तोडलेल्या उसाचा खोडवा फुटलाय, गुडघ्याएवढा. वहिनीच्या अंगावर मास धरलंय, गोळ्या अर्ध्या केल्यात. दुपारी मी मागच्या दारात ताटं विसळत होते. ती आतनं आली.
"वन्सं, एक सांगू? त्या दिसापासनं मला कायबी ऐकू येत न्हाई. साताऱ्यापासनं. एकदाबी न्हाई."
"मग चांगलंच की."
"व्हय. तुमास्नी येतंय?"
"न्हाई," म्हणाले.
ती माझ्याकडं बघत राहिली. ताटं तशीच होती, पाणी वाहून चाललेलं, माझी मान रानाकडं. मग ती खाली बसली. माझ्या आणि रानाच्या मधे, रानाकडं तोंड करून.