चार्ज न होणारे पाच टॅब

३ नोव्हें., सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली. तिसरीतली निम्मी पोरं अजून मामाच्या गावालाच. दुपारी टॅबचं कपाट उघडलं. सातपैकी पाच चार्जच होईनात. नंबर २, ३, ५, ६, ७. तार बदलून पाहिली, बोर्ड बदलून पाहिला. काही नाही. सुट्टीआधी सगळे ठणठणीत होते, मीच मोजून ठेवले होते.
सुट्टीत किल्ली कविता मॅडमकडं. मॅडमच्या यजमानांचं, दत्ताचं, लोहाऱ्यात स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. एवढंच लिहून ठेवतो. बाकी काही म्हणत नाही.

४ नोव्हें., मंगळ
मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, सुट्टीत कपाट उघडलं होतं का. नाही म्हणाल्या. पण उत्तर फार पटकन आलं. मग आपणहून म्हणाल्या, यांना फोनवर विचारलं, जॅक गेला असेल म्हणतात.
न बघता कसं कळलं? डॉक्टरसुद्धा आधी नाडी बघतो.
जॅक म्हणजे चार्जरची पिन आत जाते ते तोंड, हेही मला आजच कळलं. मुख्याध्यापक म्हणून सही माझी आणि वस्तूची माहिती दुसऱ्याला, हे बरं नव्हे.
घरी हमीदाला सांगितलं. बायकोनं एका शब्दानं तरी बाजू घ्यावी. म्हणाली, "तुमारेकू सबपे शक. दूधवालेपे बी, जमाईपे बी." दूधवाल्याबाबत माझा संशय खरा निघाला होता, ते तिला आठवत नाही.

६ नोव्हें., गुरु
शाळा सुटल्यावर जीपनं लोहाऱ्याला. भिंग आणलं. दत्ताच्या दुकानावरून दोनदा गेलो, आत नाही गेलो. काउंटरवर डबीत जॅकच जॅक, डाळीच्या दाण्याएवढे. एवढे येतात कुठून?
घरी मोबाइलवर व्हिडिओ बघून अभ्यास केला. समजलं ते असं. जुन्या टॅबचं तोंड चपटं, एक कड रुंद, एक अरुंद, आत पाच बारीक पट्ट्या. पिन उलटी दामटली की आतलं मोडतं. नव्याचं तोंड लांबट गोल, त्याला सी म्हणतात. मधोमध जीभ, पट्ट्या जिभेच्या वरही आणि खालीही, म्हणून पिन कशीही घाला. आपले २ आणि ३ जुने, ५, ६, ७ सी. १ आणि ४ दुसऱ्याच कंपनीचे, त्यांचं तोंड वरच्या बाजूला. ते दोन्ही चालू आहेत.
पोरांनी उलटी पिन दामटली म्हणावं तर सी वाले तीन कसे गेले?

७ नोव्हें., शुक्र
भिंगातून पाचही तोंडं पाहिली. जिभेवर तांबूस डाग. काही ठिकाणी हिरवट. नवा जॅक असा दिसत नाही. कुठल्यातरी भंगार फोनचा जुना गंजका जॅक काढून बसवला आणि आपला चांगला घेतला, असं दिसतं. ३ नंबरच्या कडेला ओरखडा, उघडल्यासारखा.
चित्र काढून ठेवलं. डाग लाल पेनानं.

८ नोव्हें., शनि
नवीनच कळलं. त्याच तोंडातून वीज आत जाते आणि त्याच तोंडातून माहितीही ये-जा करते. म्हणजे टॅब दुकानात गेला असेल तर पोरांचे फोटो, आधारचे नंबर, सगळं… काही तारांच्या आत मात्र फक्त विजेच्या दोनच तारा असतात, त्या माहिती नेत नाहीत. मॅडमनी जुलैत दिलेली बारीक तार तसलीच आहे, ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावली तर टॅब दिसतच नाही. तसलीच का दिली? आणि चांगली असती तरी मी विचारलं असतं, चांगली का दिली. हे माझं मलाही कळतं. पण डाग तर खरे आहेत ना.

११ नोव्हें., मंगळ
केंद्रप्रमुख साहेबांना लेखी दिलं. "सुट्टीच्या काळात टॅब शाळेबाहेर नेऊन त्यांचे भाग बदलले गेल्याचा संशय." नाव लिहिलं नाही. किल्ली कुणाकडं होती ते लिहिलं. साहेब म्हणाले, २१ तारखेला येतो, तोवर मॅडमचा अहवाल थांबवा.
हा अहवाल लक्षात नव्हता. खरं म्हणजे होता. मॅडम शिक्षणसेवक, तीन वर्षं डिसेंबरात पुरी होतात. कायम व्हायचं तर अहवाल चांगला हवा आणि त्यावर सही माझी. चौकशीचा शेरा बसला तर पुढं काय होईल ते सांगता येत नाही.

१३ नोव्हें., गुरु
मॅडमना कळलं. रडल्या वगैरे नाहीत. चहाच्या वेळी वर्गातच थांबल्या. पहिलीच्या पोरांना त्या काहीतरी शिकवत होत्या, नेहमीसारखाच खणखणीत आवाज. चोराला एवढा खणखणीत आवाज कसा लावता येईल? की सराईत असेल तर येतो?

१५ नोव्हें., शनि
सकाळची शाळा सुटली आणि दत्ता आला. हातात पेटी. मला वाटलं भांडायला आला. खुर्चीवरसुद्धा बसला नाही. म्हणाला, "सर, तुमच्यासमोर खोलतो. कोणचा खोलू तुमीच सांगा."
मी ६ म्हणालो. त्यानं स्क्रू काढले, जॅक सोडवला, पांढऱ्या कागदावर ठेवून सुईनं खरवडला. कागदावर लाल पूड पडली. त्यानं बोटावर घेऊन वास घेतला.
"कुंकू हाय सर. पाण्यात कालवलेलं. वलं असताना चार्जिंगला लावलं की आतून गंज धरतोय, हळूहळू खातंय. आता जॅक बदलल्याबिगर न्हाय."
मी विचारलं, कुंकू लागलं की जॅक जातोच का. तो म्हणाला, चार्जिंगला लावलं नसेल तर सुकं कुंकू ब्रशनं दोन मिनिटांत निघतं, मागमूस राहत नाही.
दारात मॅडम उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "खंडेनवमीला लावलं होतं की आपण."
आपण म्हणाल्या. तुम्ही म्हणाल्या नाहीत.

१५, संध्याकाळ
आठवलं सगळं. खंडेनवमीला शाळेत पूजा. पाट्या, बाजाची पेटी, घंटा, कुदळ, टॅब, सगळं एका ओळीत मांडलेलं. पंचवीस वर्षं या शाळेत नारळ मीच फोडतो, गावाला कधी त्यात वेगळं वाटलं नाही, मलाही नाही. मॅडमनी ताट धरलं होतं. त्या टॅबच्या काचेवर बोट टेकवणार, तेवढ्यात मी थांबवलं. काच खराब होईल म्हणालो. खालच्या कडेला लावा. मग ताट घेऊन मीच लावलं. ओलं बोट, एकेक टॅब, खालची कड नीट बघून.
तोंड खालच्याच कडेला असतं. १ आणि ४ चं वर आहे.

१७ नोव्हें., सोम
दोन दिवस विचार करतोय. दत्तानं पेटीतूनच कुंकू आणलं नसेल कशावरून? सुईबरोबर आत घातलं असेल. त्याच्या बोटांवरून माझी नजर हलली नव्हती, पण जादूगारही आपल्यासमोरच करतात.
मग आठवा टॅब आठवला. तो ऑफिसचा, माझ्या टेबलाच्या खणात कुलपात. पूजेला तोही मांडला होता. पूजा झाल्यावर खणात टाकला तो टाकलाच, चार्जिंगला लावला नाही. किल्ली माझ्या कमरेला. दत्तानं काही केलं असेल तर आठवा स्वच्छ असणार. नसेल तर… उद्या घरी आणून बघतो.

१८ नोव्हें., मंगळ
पाहिला. खिडकीत, चांगल्या उजेडात.
आहे. जिभेच्या दोन्ही अंगांना. सुकं, लाल. अजून गंज नाही.
भिंग पुसून ठेवलं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. कुणाच्या लेकीची नोकरी मी एका डागावर तोलली, आणि तो डाग माझ्याच बोटाचा.

१९ नोव्हें., बुध
साहेबांना पत्र लिहायला घेतलं. "पूजेच्या वेळी अनवधानाने…" कुणाच्या अनवधानानं? एकदा लिहिलं "शाळेकडून". एकदा "कर्मचाऱ्यांकडून". दोन्ही कागद फाडले.
पारावरून येताना चारपाच जण बसलेले. रामराम झाला. त्यांतला एक हसला, रोजच हसतो. आज वाटलं, उद्या कळल्यावर हेच म्हणतील, शेख सरांच्या हातानं कुंकू लागलं आणि मशीनी मेल्या. म्हणणार नाहीत, मला माहीत आहे. तरी वाटलं. पंचवीस वर्षांत गावाचा संशय मला कधी आला नव्हता.

२० नोव्हें., गुरु
मॅडम आज बोलल्या, हजेरीपुरतं. मी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात घंटा झाली. खरं म्हणजे घंटा मीच लवकर द्यायला लावली.
मार्ग दोन आहेत. आठवा साहेबांसमोर ठेवायचा. किंवा तो ब्रशनं झाडायचा, चार्जिंगला लावायचा. मग कुंकू फक्त दत्ताच्या हातून निघालेलं उरतं, आणि त्याच्याकडं बोट दाखवणारं माझं पत्र साहेबांकडं आधीच आहे.
दुसरा मार्ग कागदावर उतरवला, म्हणजे तो माझ्या मनात आला, हेही इथंच राहू दे.

२१ नोव्हें., शुक्र, सकाळ
साहेब अकराला येणार. आठवा टॅब समोर टेबलावर आहे, शेजारी जुना दात घासायचा ब्रश. तिसरं पत्रही आहे. त्यात "माझ्या हातून" एवढं लिहून झालंय, पुढचं नाही.
आत्ता मॅडमचा फोन आला. आवाज दबका. म्हणाल्या, "सर, साहेबांना आठ नंबरचाच दाखवा. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला न्हाय. अन् तुमच्याकडं हाय म्हंजे त्यात कुणी काय केलं असंल, असं कुणीबी म्हणणार न्हाय."
बरं म्हणालो.
एवढं सगळं मी करूनही त्यांना माझा संशय आलेला नाही. माझा स्वतःवर एवढा भरवसा नाही.
सव्वानऊ झाले. हमीदा विचारतेय, ब्रश कशाला काढून ठेवलाय.