घरी बसलेला राग

प्रिय बाबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेला, आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

काम बसून असतं. फोन करून मतदारांना विचारायचं, यंदा मत कोणाला. सत्तेतल्या पक्षावर लोक वैतागलेत, पण सरकार बदलेल का, हे आमच्या साहेबांनाही सांगता येत नाही.

काल फोनवर एक म्हातारे शिंपी म्हणाले, "जन्मभर यांनाच मत दिलं. आता दोन वर्षं नळ कोरडा. पण दुसऱ्यांना द्यायला हात धजत नाही. घरीच बसणार."

आम्ही सल्ला द्यायचा नसतो, तरी तोंडून निघून गेलं, "काका, घरी बसलात तर तुमचा राग कळणार कोणाला?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुझे वडील काय करणार गं?"

मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं. दादा सांगत होता, तुम्ही पक्षाच्या कार्यालयात जायचं सोडलंत, घरातही गप्प असता. बाबा, याच सत्तेतल्या पक्षासाठी तीस वर्षं तुम्ही दारोदार फिरलात. तुमच्या मनाला किती लागलं असेल, ते कळतं मला. मत कोणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. पण मतदानाच्या दिवशी चपला घालून बाहेर पडा.

तुमचीच,
धाकटी