एक्क्याण्णवची चौकशी

आई, परवा घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर तुझ्या क्लासमधली एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता दोन मुलांची आई आहे. म्हणाली, "ताई, बाईंनी क्लास असा मध्येच का बंद केला? दुसऱ्या दिवशी आम्ही किती वेळ दाराबाहेर उभे होतो." मी म्हटलं, "गुडघे दुखायला लागले ना तिचे." तू जाऊन बारा वर्षं झाली, तरी मी सगळ्यांना तेच सांगते.

तुझा क्लास म्हणजे आपलं स्वयंपाकघर. ओटा पुसून झाला की पाचच्या सुमाराला दहा-बारा पोरं फरशीवर मांडी घालून बसायची आणि रोज एकच संख्या पाहुणी यायची. स्थळ आल्यासारखी तिची चौकशी व्हायची: मूळ की संयुक्त, विभाजक किती, कुणाचा वर्ग आहे का, त्रिकोणी आहे का. तुझी लाडकी एक्क्याण्णव. दोनाने भाग जात नाही, तिनाने नाही, पाचाने नाही. पोरं ओरडायची, "बाई, मूळ!" मग तू चिंचोक्यांचा डबा उघडतेस. तेरा-तेराच्या सात ओळी मांडतेस, एकही चिंचोका उरत नाही. तेच चिंचोके गोळा करून वर एक, खाली दोन, त्याखाली तीन असे तेराव्या ओळीपर्यंत लावतेस, आणि फरशीवर अख्खा त्रिकोण तयार होतो. "दिसता तसा नसता, म्हणान जग फसता," म्हणत स्वतःच खुदकन हसतेस. माझ्या पत्रिकेपेक्षा तुला एक्क्याण्णवची जास्त माहिती होती.

आणि त्या गुरुवारी तूच फळ्यावर एक्क्याण्णव लिहून म्हणालीस, "ही मूळ संख्या." एका मुलीने घाबरत विचारलं, "बाई, तेराने जाते ना?" तू तिच्याकडे बघितलंस, मग वळून फळ्याकडे. मी मेथी निवडत होते. तिथूनच, सगळ्यांदेखत ओरडले, "आई, काय हे! तेरा साते एक्क्याण्णव. चौथीतलं पोरगं सांगेल!" तू खडू खाली ठेवलास. "खरा गे," एवढंच म्हणालीस आणि पोरांना घरी पाठवलंस. दुसऱ्या दिवशी पोरं आली तेव्हा आतूनच मला म्हणालीस, "त्यांका सांग, बाई घराक नाय." त्यानंतर तू कधी शिकवलंच नाहीस. दुपारी एकटीच चिंचोके मांडत बसायचीस. आठव्या-नवव्या ओळीला हात थांबायचा, मग सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून. मी दारातून बघायचे. तुझ्याशेजारी येऊन बसावं, एक ओळ लावून द्यावी, एवढंही मला जमलं नाही. फोडणी करपेल म्हणायचे आणि निघून जायचे. आज ते आठवलं की जीव नकोसा होतो.

हे पत्र मी कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, ती तुला सांगते. तुझं विसरणं मला त्या गुरुवारच्या आधीच कळलं होतं. त्याच सकाळी तू मला दोनदा मावशीच्या नावाने हाक मारली होतीस. म्हणून मी मुद्दाम मोठ्याने बोलले. वाटलं, तू भडकशील, "माका शिकवतंस?" म्हणून पोरांसमोर माझा कान पिळशील, तुमची परीक्षा घेत होते म्हणशील. मेथीची जुडी हातात धरून मी वाट बघत होते, आई. तू रागावलीच नाहीस.