नावाआधी पाऊल

प्रिय पुष्पा,

तुझा राजीनामा मिळाला. दोन ओळी आणि त्यात तीनदा ‘नम्र’. तू एवढी नम्र कधी झालीस, हे मला दोन दिवस उमगलं नाही. घनश्याम तो आपल्या नाच-मास्तरांच्या संघटनेच्या बैठकीत वाचायला उभा राहिला, तेव्हा मी कागद त्याच्या हातून काढून सरळ खिशात घातला. मुकुटबनचा हा माणूस तीस वर्षं गावोगाव नाटकं बसवतो, भर प्रयोगात पडदा अंगावर पडला तरी आवाज चढवत नाही. त्या दिवशी मात्र चिडला. म्हणाला, अध्यक्षाला असं करता येत नाही मास्तर, नियमात नाही. मी म्हटलं, नियम मीच लिहिलेत, एखादा राहून गेला असेल. तेव्हापासून तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतो.

तू राजीनामा काहून दिला, ते मला ठाऊक आहे. शाळावाल्यांचा निरोप तुझ्यापर्यंत आला असणार : ती पुष्पा तेवढी बाजूला करा, बाकीच्या मास्तरांना यंदाच्या संमेलनांची कामं देतो. तुला वाटलं, एकटीमुळे चाळीस जण कशाला अडून राहावेत. पण त्यांना तू नको आहेस असं नाही. त्यांना आपल्यापैकी कुणीतरी एक निघून गेलेलं बघायचं आहे. एक वीट निघाली की पुढची कोणती काढायची, ते त्यांना बरोबर कळतं.

जानेवारीत तू त्या संस्थेच्या शाळेत सव्वीस पोरींचा नाच महिनाभर घाम गाळून बसवला आणि छापील पत्रिकेत ‘दिग्दर्शन’ म्हणून नाव आलं सचिव साहेबांच्या सूनबाईंचं. त्या तालमीला आल्या एकदाच, पोरींसोबत फोटो काढायला. तू म्हणालीस, ज्यांचं नाव छापलं त्यांनीच खाली उभं राहावं. लोकांना ते कळलंच नाही. त्यांना आपली रीत कुठं माहीत? पोरं वर उजेडात नाचतात, मास्तर स्टेजपुढे खाली अंधारात उभा राहून त्यांना पाय दाखवतो, तेही आरशासारखे उलटे. त्यांचा उजवा, आपला डावा. आपल्यातल्या रजतच्या लग्नात मी वरातीत नाचायला गेलो आणि सवयीनं उलटा फिरून नवरीच्या मामाला धडकलो, ते तू पाहिलंच आहेस. मामा अजून बोलत नाही.

त्या दिवशी खाली कुणी नव्हतं आणि पोरी एक पाऊल न चुकता नाचल्या. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वा, काय बसवलंय! साहेबांनी त्यातून अर्थ काढला की मास्तर लागतोच कशाला. तिथून आपण एक्केचाळीस जण काम बंद करून थांबलो. मागणी काय मोठी होती? पत्रिकेत नाव, माईकवर नाव, आणि मोबाइलमधल्या व्हिडिओवरून आमचा नाच आम्हाला न विचारता पुन्हा उभा करायचा नाही. एवढ्यासाठी त्यांनी आपल्याला पुढारी ठरवलं.

गेल्या मंगळवारी साहेबांनी मला चहाला बोलावलं. चहा चांगला होता, खोटं काय बोलू. आधी माझी भरपूर स्तुती झाली. मांडव-बिछायतवाल्याकडे सतरंज्या उचलणारा पोरगा, स्टेजच्या फळ्यांखाली बसून नुसत्या पावलांच्या आवाजावरून नाच शिकला आणि आज जिल्ह्यात मास्तर म्हणून ओळखला जातो, वगैरे. माणूस माझं चरित्र मलाच सांगायला लागला की मी सावध होतो. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, “मास्तर, तुमचा तो टोपल्यांचा नाच नेमका कोणाचा?”

मी हसलो. आणखी अर्धा कप मागून घेतला. पण पुष्पा, तो तसाच खाली ठेवला. त्यांच्या घरी स्वयंपाकाला येणारी रुपीबाई तुमच्याच तांड्यावरची आहे, हे मला तेव्हा आठवलं.

आता जे सांगतो ते तुला मी पंधरा वर्षांत कधी सांगितलं नाही. तू माझ्याकडे शिकायला आलीस त्याच्या कितीतरी आधी, तीजेच्या सणात मी तुमच्या बंजारा तांड्यावर भोंगे लावायला आलो होतो. गव्हाच्या हिरव्या रोपांच्या टोपल्या मधोमध ठेवून बायका नाचत होत्या. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नव्हतं, म्हणून मी कनातीमागे वायर धरून बसलो. गाणं जुनंच होतं, पण पावलं नवी होती. एका बाईनं बसवलेली. ती मधूनच थांबवून पोरींना रागवायची, पुन्हा सुरुवात करायला लावायची. तीन संध्याकाळी मी नुसती पावलं ऐकत राहिलो. पुढच्या वर्षी तोच नाच यवतमाळच्या स्पर्धेत उभा केला. पहिला नंबर आला, हार आला, नावापुढे ‘मास्तर’ लागलं. नाच कुणाचा, असं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ती बाई म्हणजे तुझी आई, सुखीबाई.

तुझ्या नावासाठी मी चौकात उभा राहून भाषणं केली. तुझ्या आईचं नाव मात्र इतकी वर्षं गिळून बसलो. साहेबांना वाटतं, या भीतीनं मी शेपूट घालीन आणि तुझा राजीनामा मंजूर करीन. त्यांनी माणूस ओळखला नाही. जी गोष्ट धाक म्हणून वापरायची, ती मीच बोलून टाकली तर त्यांच्या हातात काय उरतं? रविवारी नेरला सगळ्यांची सभा आहे. आधी माझी चोरी सांगणार, मगच मागण्या. अध्यक्ष ठेवायचा की नाही, ते त्यांनी ठरवावं. चोर अध्यक्ष आहे म्हणून मागणी खोटी ठरत नाही, उलट मला विचारा ती किती खरी आहे.

पण सभेआधी ज्यांचं देणं त्यांच्या दारात जायला हवं होतं. काल तांड्यावर गेलतो. सुखीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळं कबूल केलं, म्हटलं, रविवारी माईकवर तुझं नाव घेतो. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली काहून नाही? तर म्हणाली,

“मी तं वाट पाहून राह्यली होती, तू पाय कधी नीट करते. चवथा पाय खाली टेकत नसते मास्तर, तो उचलून धरा लागते. जो पाय वाजतच नाही, तो तुले कनातीमागून कसा ऐकू येईन? चुकीच्या नाचाले माहं नाव नको लावू.”

पंचवीस वर्षं, पुष्पा. नेर, दारव्हा, पांढरकवडा, झरी, जिथं जिथं तो नाच झाला तिथं चुकीचा झाला. मी तिला म्हटलं, दाखव मग. ती म्हणाली, माझ्या गुडघ्यानं आता होत नाही, पुष्पीले विचार, तिले येते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तू नवीन आली होतीस तेव्हा चौथं पाऊल हवेत धरून ठेवायचीस आणि मी रोज ओरडायचो : पुष्पा, उशीर होतो, पाय टाक. एकदा सगळ्या पोरींसमोर तुला रांगेबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासारखा पाय टेकवू लागलीस.

तर हे पत्र राजीनाम्याच्या उत्तरासाठी नाही. राजीनामा मी फाडला, त्यात उत्तर देण्यासारखं काही नव्हतं. रविवारी दुपारी दोन वाजता तू नेरला ये. बाकीचे चाळीस मास्तर रांगेत उभे राहतील, त्यांत मी पहिला, आणि घनश्यामही, त्याला नाचता येत नसलं तरी. तू वर उभी राहा आणि आम्हाला ते पाऊल शिकव. चुकलो तर सगळ्यांसमोर रांगेबाहेर काढ. जमलं, की मग मी माईक हातात घेईन आणि सुखीबाईचं नाव घेईन, त्याआधी नाही. साहेबांनाही बोलावणं धाडलं आहे, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली आहे. तुला एकच विनंती : खालच्या आवाजात शिकवू नकोस.

तुझाच, अजून शिकाऊ,
नानाजी