वॉशिंग मशीनचे सत्तावीस स्क्रू

तीर्थस्वरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. (आमच्याकडे चढण्या-उतरण्याचा प्रश्नच नाही, मी तीन दिवस मोरीत पालथा पडलेलो आहे.)

आपल्या भगिनी मंगळवारी तावातावाने आपल्याकडे का आल्या, याची एकच बाजू आपण ऐकली असणार. आमचे एकोणीस वर्षांचे वॉशिंग मशीन पाणी बाहेर टाकेना. मी एवढेच म्हटले, की खिसे न तपासता कपडे कोंबले की दुसरे काय होणार. त्यावर ती म्हणाली, "मग तुम्हीच दुरुस्त करा. झालं की कळवा." आणि बॅग उचलली. यात माझे नेमके काय चुकले, हे मला अद्याप कोणीही सांगितलेले नाही.

आता आपल्याविषयी. आपण निवृत्त अभियंता. म्हणून विश्वासाने फोन केला. "अहो, दहा मिनिटांचं काम. मागचा पत्रा उघडा," एवढे बोलून आपण जेवायला बसलात. (याला मी बेजबाबदारपणा म्हणतो, आणि हा सौम्य शब्द आहे.) मी वाणिज्य शाखेचा असलो तरी कामाला शिस्त असते, हे जाणतो. मागे सत्तावीस स्क्रू निघाले. प्रत्येकाला स्वतंत्र पाकीट, पाकिटावर क्रमांक, आणि त्या त्या भोकाशेजारी तोच क्रमांक शाईने लिहिलेली चिठ्ठी. मग मी नळी ओढली. तुंबलेले सगळे पाणी माझ्यावरून आणि चिठ्ठ्यांवरून वाहून गेले. उरली क्रमवार लावलेली सत्तावीस पाकिटे आणि सत्तावीस अनोळखी भोके. इतक्यात खालचा लाँड्रीवाला माझे सदरे द्यायला आला. त्याने ओणवे होऊन मशीनच्या पुढच्या बाजूचे, तळाशी असलेले एक झाकण नुसत्या हाताने फिरवले. "साहेब, गाळणी इथे असते. मागून कशाला फोडलंत?" याचे उत्तर आपण द्यावे.

आपला,
अत्यंत संतप्त मेहुणा

ता. क. गाळणीत माझ्याच पेनाचे टोपण निघाले. ते ज्याच्या खिशात होते, तो सदराही मीच मशीनमध्ये टाकला होता. ही बाब कृपया आपल्यापुरती ठेवावी.

ता. क. २. नको. हे पत्र तिलाच वाचायला द्यावे. समोर उभे राहून मला हे म्हणता येणार नाही. मशीन उत्तम चालते आहे. फक्त एकट्या माणसाच्या कपड्यांनी ते अर्धेही भरत नाही.