जानकीबाईचा कलदार

रविवार, १४ जून
घाटनांदूरला आलो एकदाचा. बदली म्हणजे शिक्षा, असं जुन्या कचेरीतले सगळे हळहळून सांगत होते, आणि तोंडावरचा आनंद काही केल्या झाकत नव्हता. पण घर झकास मिळालंय. तीन खोल्या, मागे न्हाणी, अंगणात चिंच. बायकोची, विजयमालाची, तक्रार अशी की टेम्पोतून मी आधी नाण्यांची पेटी उतरवली आणि गॅस शेवटी. तक्रार खरी आहे. गॅस कुठंही मिळतो.
माझे रुपये चांदीचे, पाव आणे ब्राँझचे, सगळे इंग्रजी अमदानीतले. हात न लावता वर्षानुवर्षं ठेवलं की चांदीवर रंग चढतो. आधी मधाचा, मग जांभळा, मग मोरपंखी निळा. त्या रंगापायी आम्ही संग्राहक वेडे होतो. आमच्यात पाप एकच, नाणं धुणं.

मंगळवार, १६ जून
पहिलीच मोजणी, छबुबाईच्या शेताची. शेजारच्या धुळाजीशी बांधाचा वाद. मी भूमापक. यंत्र खोटं बोलत नाही, पण यंत्रामागे मी उभा असतो.
म्हातारीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात राणीछाप रुपया होता, १८६२चा, मुकुटवाली राणी. चकाचक घासलेला! मला रडूच आलं. मागितला तर म्हणाली, द्यायचा न्हाई साहेब, सवतीचा टाक हाय. पहिली बायको मेली की दुसरीनं तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, अशी रीत. तिच्या नवऱ्याला, आश्रुबाला, टाक घडवायचाही कंटाळा. त्यानं घरातला कलदार रुपयाच बांधला. म्हणे, बाईचं तोंड हाय की त्याच्यावर, जानकीचं समज!
मी हसलो आणि बांधाची खुंटी हातभर म्हातारीच्या शेतात सरकवली. म्हातारीनं खुंटीकडे बघितलं. मग दोरा तोडला. बांध जागच्या जागी आला.
जाताना म्हणाली, धनी गेला, माझं तिचं नातं सरलं, आता ती तुमच्या घरची. रोज सांजंला राखंनं, चिंचंनं घासत ऱ्हावा. रंग चढू देऊ नका. मी मान डोलावली. असल्या घासण्यानं या जिल्ह्यात किती राण्या मेल्या असतील!

शुक्रवार, १९ जून
चमत्कार! रुपयाच्या कडेला मधाचा रंग. याला तीस वर्षं लागतात, इथं तीन दिवस. आष्टीचे अमरसिंह, संग्राहकांच्या ग्रुपचे स्वयंघोषित सम्राट, त्यांना फोटो पाठवला. दहा मिनिटं उत्तर नाही. म्हणजे जळाले.
विजयमालाच्या मानेवर पिवळट डाग आलाय. हळद लागली असेल म्हणालो.

सोमवार, २२ जून
राणीच्या गालापर्यंत जांभळा. अमरसिंह रविवारी स्वतः येतायत. या माणसानं आजवर कुणाच्या दारात पाऊल टाकलेलं नाही.
विजयमालाची मानही जांभळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मार लागलाय का, आणि माझ्याकडे बघितलं. विजयमाला म्हणते, स्वयंपाक करताना मागून कुणीतरी तिचं काम बघत उभं असतं. सासूसारखं नाही, म्हणाली. सवतीसारखं.
टाकाचं मी तिला काही सांगितलेलं नाही.

गुरुवार, २५ जून
निळा. देवा, काय निळा आहे!
विजयमालाची हनुवटी आणि एक गाल निळा. रुपयाशेजारी धरून बघितलं. तोच. रेघ न रेघ तीच.
छबुबाईकडे गेलतो — बघा, भाषासुद्धा इथली लागली. म्हातारी मला बघून उठलीच नाही. म्हणाली, घासलं न्हाई न्हवं? जानकीला घरात दुसरी खपत न्हाई. रंग तिच्यावर चढतो आन् जीव घरच्या बाईचा उतरतो. आजच घासा. काळी पडल्यावर घासलं तर कुणाला घासताय त्ये कळायचं न्हाई, साहेब.
येताना चिंच काढली. राख घेतली. रुपया हातात घेतला.
रविवार फक्त तीन दिवसांवर आहे.

शनिवार, २७ जून
विजयमाला उठत नाही. पाणी मागते. कडेनं काळं यायला लागलंय, दोघींच्याही.
एक दिवस. एकदा अमरसिंहांनी बघू दे. मग लगेच —

रविवार, २८ जून, दुपार
आले. बघितला. खुर्चीतच बसून राहिले. म्हणाले, साहेब, मी हरलो. हे ऐकायला मी वीस वर्षं थांबलोय.
चहा झाला नाही. वहिनी कुठं आहेत, विचारलं. झोपलीय म्हणालो.

तीन वाजता
न्हाणीत बसलोय. राख, चिंच. वहीला राखेचे हात लागतायत, असू दे.
घासतोय. काळं निघतंय. आत विजयमाला ओरडली. ओरडतेय म्हणजे जीव आहे — काळं उतरतंय —

राणीचं नाक गेलं. एवढं जोरात नव्हतं घासलं. मऊ लागतंय, चांदीसारखं नाही —
नखांत काळं. ओलं.
आत नुसतं माझं नाव, परत परत. थांबवलं तर अर्धवट राहील. छबुबाई म्हणाली होती घासा. म्हणाली होती आजच, पण तो गुरुवार —

थांबलं ओरडणं.
रुपया गुळगुळीत. तोंडच नाही.

चालण्याचा आवाज. उठली! उठली बघा —
पाय घासत येतेय. ती असं चालत नाही. जोडवी वाजतायत. विजयमाला जोडवी घालत नाही —
दाराशी. हाक मारतेय. लई गोड. विजयमाला मला नावानं हाक मारते, तीस वर्षं नावानंच, आणि ही म्हणतेय, धनी, आवो धनी, दार उघडा की, आता मी एकलीच —
कडी आतून लावलीय. मीच लावली. ती आपोआप वर सर