किनाऱ्यावरचं टोक

तोंडवली, ५ नोव्हेंबर २०२४

चि. भक्ती हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्रास कारण गंभीर आहे. डॉमिंगोच्या मासळीच्या टेम्पोतून तू लोणच्याची रिकामी बरणी परत पाठवलीस, ती सुगंधी साबणानं धुतलेली निघाली. लिंबाच्या नव्या लोणच्याला आता लव्हेंडरचा वास येतो. हे जेवणात वाढायचं की तोंडाला लावायचं, असं डॉमिंगोनं भर पंगतीत विचारलं.

तुझी आई बरी आहे. रात्रीची गोळी स्वतःहून मागून घेते. सकाळी मी पडवीत डोळे मिटून बसलो की शेजारी येऊन बसते आणि मी झोपलो नाही ना, ते पाहते. मोरजीच्या हॉटेलात काम फार आहे का? मागचं पत्र चारच ओळींचं होतं. बरणीला क्षमा आहे, चार ओळींना नाही.

लोभ आहेच, तेवढा साबणानं धुऊ नकोस.
तुझा मामा

मोरजी, १२ नोव्हेंबर

ती. मामास सा. न. वि. वि.

दंड म्हणून लांब पत्र लिहिते, पण रागावू नकोस. रविवारी दुपारी हॉटेलातल्या सँड्रीनाबरोबर मी मशरूम खाल्लं. भाजीतलं नव्हे, मन पालटणारं. वाळू चमकत होती, लाटा श्वास घेत होत्या, आणि मामा, मी नव्हतेच. काल नव्हता, उद्या नव्हता. तू वीस वर्षं पडवीत बसून ज्याची वाट पाहतोस, ते आपल्याला एका दुपारी मिळालं, असं सँड्रीना म्हणते. खरं सांग, एकच ना ते?

शुक्रवारी पौर्णिमेला पुन्हा घेणार आहोत, थोडं जास्त. आईला सांगू नकोस.

लोभ रागासकट असू दे.
तुझी भक्ती

तोंडवली, १३ नोव्हेंबर

चि. भक्ती हिस अ. आ.

वाट पाहण्याचा आरोप अमान्य. वीस वर्षांत मला झालेला साक्षात्कार एवढाच, की उजवा गुडघा दुखतो. तुझा ‘मी’ नाहीसा झाला. माझा रोज येतो, बरणीची तक्रार घेऊन. मी त्याला बस म्हणतो. तो थोडा वेळ बसतो आणि कंटाळून जातो. शास्त्रात याला साक्षीभाव म्हणतात. तुझी आई डुलकी म्हणते.

तू पाहिलंस ते खोटं, असं मी म्हणणार नाही. दर्या एकच असेलही. पण आपली रापण आठव. होडी जाळं सोडत कितीही आत गेली, तरी दोरीचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात असतं. बसून बसून मी ते टोक धरायला शिकतो आहे. तुझं टोक रविवारी कोणाकडे होतं? सँड्रीनाही होडीतच होती ना गो?

विद्वत्ता पुरे. आईचं आजारपण तुला ठाऊक आहे, त्याची सुरुवात नाही. तुझ्या आईनं, सावित्रीनं, तसलं काहीच खाल्लं नव्हतं. वाळू चमकते, लाटा श्वास घेतात, मी नाहीच, असं ती हसत हसत सांगायची. अगदी तुझेच शब्द. आम्हांला वाटलं, भजनाचा रंग चढला. मग एका सकाळी ती साडीनिशी पाण्यात चालत गेली. डॉमिंगोनं ओढून बाहेर काढली, पण पुरती परत यायला तिला कित्येक वर्षं लागली. घरात मनाचं असं आजारपण असलं की मुलांनी नशा करून मनाशी असले खेळ करू नयेत, असं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं.

शुक्रवारी दुपारी डॉमिंगो तिकडे येतो आहे. त्याच्या टेम्पोत बस आणि घरी ये. बरणी राहिली तरी चालेल.

काल डॉमिंगोनं तुझं पत्र आणून दिल्यापासून माझं बसणं बंद आहे. डोळे मिटले की तू पाण्याकडे चाललेली दिसतेस. मला भीती वाटते, भक्ती.

तुझा मामा